खिडकीतल्या बुलबुलपासून भिगवणच्या रोहितपर्यंत : पक्षी बघायला सुरुवात कशी करायची?

हिवाळ्यातल्या कुठल्याही रविवारी दुपारी इन्स्टाग्राम उघडा. तुमच्या फीडमध्ये एक तरी मित्र भिगवणला होडीत बसलेला दिसेल. मागे गुलाबी रोहित पक्ष्यांची रांग आणि कॅप्शनमध्ये एकच शब्द, 'लायफर'. त्याच दिवशी फॅमिली ग्रुपवर काकूंचा मेसेज येतो. बाल्कनीच्या जाळीआडून काढलेला धूसर फोटो आणि खाली प्रश्न, "हा कुठला पक्षी रे?"

लायफर म्हणजे आयुष्यात पहिल्यांदा पाहिलेला पक्षी. पक्षी बघणाऱ्या लोकांच्या बोलण्यात हा शब्द सारखा येतो. पण गंमत अशी की, होडीतला मित्र आणि जाळीआडून फोटो काढणाऱ्या काकू दोघंही एकच काम करत असतात. किंबहुना काकू बऱ्याचदा ते जास्त नीट करत असतात, कारण त्या रोज तोच पक्षी बघतात.

पक्षीनिरीक्षण म्हटलं की मोठी लेन्स, हिरवे कपडे आणि पहाटे चारचा अलार्म डोळ्यासमोर येतो. यातलं काहीच नसलं तरी चालतं. मग नक्की काय लागतं? घरी बसून काय दिसतं, ग्रुपबरोबर गेल्यावर काय होतं आणि या छंदामुळे पक्ष्यांनाच त्रास होऊ नये म्हणून काय सांभाळायचं, ते पाहू.

घराच्या खिडकीतून काय दिसतं?

तुम्हाला वाटतं त्यापेक्षा बरंच. पुण्या-मुंबईतल्या सोसायटीत कावळा, कबुतर, चिमणी आणि साळुंकी असतातच. आठवडाभर सकाळी दहा-पंधरा मिनिटं खिडकीत उभे राहिलात तर त्यात बुलबुल, दयाळ, शिंपी, तांबट, पोपट, कोकीळ, घार, शिंजीर आणि भारद्वाज यांची भर सहज पडते. झाडी बरी असेल तर हळद्या, नाचण, टकाचोर, खंड्या. रात्री दिव्याच्या खांबावर किंवा जुन्या झाडाच्या ढोलीत पिंगळा.

सुरुवातीला डोळ्यांपेक्षा कान जास्त कामाला येतात. उन्हाळ्यात दुपारी कुठून तरी भांड्यावर हातोडी मारल्यासारखा 'टुक टुक टुक' आवाज सारखा येत असेल तर तो तांबट. तांब्याची भांडी घडवणारा तांबट, म्हणून पक्ष्याचं नावही तेच. चिमणीएवढा, हिरवा, कपाळावर लाल टिळा. पानांत तो सापडत नाही, म्हणून झाडाच्या शेंड्यावरची उघडी फांदी बघा.

या तांबटाचं एक वैशिष्ट्य सोसायटीच्या कमिटीला सांगण्यासारखं आहे. तो घरटं करतो ते सुकलेल्या किंवा किडक्या फांदीत भोक पाडून. आपण पावसाळ्याआधी झाडांची छाटणी करताना नेमक्या याच फांद्या 'वाळलेल्या आहेत' म्हणून आधी तोडतो. कुणाच्या डोक्यावर पडण्याचा धोका असेल तर तोडायलाच हवी. पण कोपऱ्यातल्या झाडावर, खाली कुणी उभं राहत नाही अशा जागी एखादी सुकी फांदी राहिली तर काही बिघडत नाही.

शिंपी नावाप्रमाणेच पानं शिवतो. मोठ्या पानाच्या कडांना चोचीने भोकं पाडायची, त्यातून कोळ्याच्या जाळ्याचे किंवा कापसाचे धागे ओवायचे आणि तयार झालेल्या पिशवीत घरटं करायचं. कुंडीतल्या झाडावरही तो हे करतो. पक्षी अंगठ्याएवढा दिसतो, आवाज मात्र एवढा मोठा की नवख्या माणसाला वाटतं, नक्कीच कुणीतरी दांडगा पक्षी असणार.

शिंजीर, म्हणजे सूर्यपक्षी, बघताना एक गोष्ट लक्षात ठेवा. विणीच्या काळात जांभळ्या शिंजीराचा नर उन्हात जांभळा-निळा चमकतो, तर मादी वरून मळकट हिरवी आणि पोटाशी पिवळी असते. अनेक जण ही जोडी म्हणजे दोन वेगळे पक्षी समजतात. कोकीळचंही तसंच. नर काळाकुट्ट, मादी तपकिरी आणि अंगभर पांढरे ठिपके. आणि आपण 'कोकिळा गाते' म्हणतो ते चूक आहे. ते 'कुहू कुहू' नराचं असतं. मादीचा आवाज वेगळा, 'किक् किक्' असा घाईचा.

सलीम अलींनी नोकरी गेल्यावर काय केलं?

श्रेय चुकीच्या पक्ष्याला देण्यावरून आठवलं. सुगरण पक्ष्याचं ते विहिरीवर लोंबणारं सुंदर घरटं आपण सगळ्यांनी निदान शाळेच्या पुस्तकात पाहिलंय. नाव सुगरण, त्यामुळे घरटं मादी विणते असं वाटतं. प्रत्यक्षात विणणारा नर असतो.

हे नीट लिहून ठेवणाऱ्यांमध्ये डॉ. सलीम अलींचं नाव येतं, आणि त्यांनी ते केलं आपल्या अलिबागजवळच्या किहीमला. १९३० च्या सुमाराची गोष्ट. जर्मनीतून शिकून परत आले तेव्हा मुंबईच्या म्युझियममधली त्यांची नोकरी निधीअभावी उरली नव्हती. मग ते पत्नी तेहमिना यांच्यासोबत किहीमच्या घरी राहायला गेले. घराजवळच सुगरणींची वसाहत होती. सलीम अली शिडीवर आडोसा करून तासन् तास त्यांच्याकडे बघत बसायचे.

त्यांना दिसलं ते असं. नर घरटं अर्धवट विणतो. मग माद्या येऊन त्या अर्धवट घरट्यांची पाहणी करतात. एखादीला पसंत पडलं तर ती तिथे राहते आणि मग नर उरलेलं घरटं पूर्ण करतो. मादी अंड्यांवर बसली की हा पठ्ठ्या शेजारी दुसरं घरटं विणायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी. फ्लॅट दाखवून बुकिंग घ्यायचं आणि मग बांधकाम पुरं करायचं, असा सगळा प्रकार.

हा अभ्यास १९३१ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या, म्हणजे बीएनएचएसच्या नियतकालिकात छापून आला. सलीम अलींच्या सुरुवातीच्या महत्त्वाच्या कामात तो गणला जातो. सुगरण काही दुर्मिळ पक्षी नव्हता. जंगलही नव्हतं. होता तो घराशेजारचा साधा पक्षी, आणि त्याच्याकडे न कंटाळता बघणारा माणूस.

बाल्कनीत घरटं केलंय, आता काय करायचं?

हा प्रश्न उन्हाळ्यात सगळ्यात जास्त विचारला जातो आणि त्यातला पक्षी बहुतेक वेळा लालबुड्या बुलबुल असतो. मनी प्लांटच्या वेलात, टांगलेल्या कुंडीत किंवा ट्यूबलाइटच्या पट्टीवर तो वाटीसारखं घरटं करतो.

उत्तर सोपं आहे. काहीही करायचं नाही. अंड्यांतून पिल्लं बाहेर यायला साधारण दोन आठवडे लागतात आणि पुढच्या दोनेक आठवड्यांत ती उडून जातात. म्हणजे महिन्याभराचा प्रश्न. तेवढे दिवस कुंडी हलवू नका, घरट्याच्या बाजूला कपडे वाळत घालू नका, झाडाला पाणी हळूच कडेने घाला. मोबाईल घरट्यावर धरून रोज व्हिडिओ काढायचा मोह आवरा. आपण वारंवार जवळ गेलो की आई-बाप उडून जातात, अंडी उघडी पडतात आणि कावळ्याला आयता पत्ता कळतो.

पिल्लू खाली पडलेलं दिसलं तर? अंगावर पिसं नसतील आणि घरटं हाताशी असेल तर उचलून परत ठेवा. 'माणसाचा हात लागला की आई पिल्लाला टाकून देते' ही आपल्याकडची पक्की समजूत आहे, पण ती खरी नाही. पिसं आलेलं, टुणटुण उड्या मारणारं पिल्लू असेल तर ते बहुधा उडायला शिकतंय आणि आई-बाप आसपासच आहेत. मांजर, कुत्रा आणि सोसायटीतली मुलं यांना लांब ठेवा, एवढं पुरे. पक्षी खरंच जखमी असेल तर महाराष्ट्र वनविभागाची १९२६ ही हेल्पलाइन आहे. घरी ठेवून दूध-पोळी भरवणं त्याच्या जिवावर बेतू शकतं. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे आपल्याकडचे जंगली पक्षी घरात पाळता येत नाहीत. पिंजऱ्यातला 'मिठू मिठू' करणारा हिरवा पोपटही त्यात येतो, हे आजही अनेकांना माहीत नसतं.

आणखी एक नेहमीची तक्रार, 'बुलबुल रोज येऊन खिडकीच्या काचेवर चोच मारतो, काही अशुभ आहे का?' अशुभ काही नाही. विणीच्या हंगामात त्याला काचेत स्वतःचंच प्रतिबिंब दिसतं आणि वाटतं, दुसरा नर आपल्या हद्दीत घुसलाय. गाडीच्या आरशावर भांडणारे पक्षीही याच कारणाने भांडतात. काचेवर बाहेरून कागद किंवा कापड लावलं की भांडण मिटतं. आतून पडदा ओढून उपयोग होत नाही, उलट काच आणखी आरशासारखी दिसू लागते.

दाणे टाकायचे की नाही?

इथे मतं तापतात. २०२५ मध्ये मुंबईत कबुतरखाने बंद करण्यावरून काय झालं, आठवत असेल. दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला, त्यावरून आंदोलन झालं, प्रकरण हायकोर्टात गेलं. एका बाजूला कबुतराची विष्ठा आणि पिसांमुळे फुप्फुसांचे आजार होतात असं सांगणारे डॉक्टर, दुसऱ्या बाजूला वर्षानुवर्षं श्रद्धेने दाणे घालणारे लोक.

श्रद्धेचा भाग बाजूला ठेवून फक्त पक्ष्यांच्या बाजूने बघितलं तरी मला वाटतं, शहरात धान्याचे ढीग टाकण्यात अर्थ नाही. त्यावर येतं ते कबुतर. इमारतींच्या कपारी आणि एसीच्या मागच्या जागा यामुळे त्याला घरांची कमतरता नाही, आणि देशात त्याची संख्या वाढत असल्याचं पक्ष्यांच्या नोंदी सांगतात. शिंपी, तांबट, शिंजीर, दयाळ, नाचण यांच्यापैकी कुणीही तुमची ज्वारी खायला येणार नाही. त्यांना किडे, फळं आणि फुलांतला मध हवा असतो. शिळी पोळी, ब्रेड, फरसाण यांतलं मीठ-तेल तर कुणालाच नको.

मग काय ठेवायचं? पाणी. मातीचं पसरट भांडं घ्या. दोन बोटं खोल असलं तरी बास. मध्ये एक-दोन दगड ठेवले की छोट्या पक्ष्यांना उतरायला जागा मिळते. मांजर दबा धरून बसेल अशा कोपऱ्यात ते ठेवू नका. आणि पाणी रोज बदला, भांडं घासा. साचलेल्या पाण्यात डासांच्या अळ्या होतात, मग सोसायटीत वेगळाच वाद सुरू होतो.

दुसरं म्हणजे झाडं. जास्वंद, अडुळसा, शेवगा यांच्या फुलांवर शिंजीर हमखास येतो. कढीपत्त्याची काळी फळं पिकली की बुलबुल आणि कोकीळ हजर. पेरू आणि डाळिंब सांगायलाच नको. बंगल्याभोवती जागा असेल किंवा गावाकडे बांध असेल तर उंबर, पांगारा, सावर आणि पळस लावावेत. उंबर पिकलेला असेल तर त्याच्याखाली खुर्ची टाकून बसा. महाराष्ट्राचा राज्यपक्षी हरियाल बघायची ती सगळ्यात सोपी जागा आहे. हरियाल हिरवा-पिवळा, पायही पिवळे. तो पानांत इतका मिसळतो की तीसेक पक्षी एकदम उडाले की मग कळतं, झाड भरलेलं होतं. आणि कीटकनाशकाची फवारणी शक्य तितकी टाळा. चिमणीसारखा दाणे खाणारा पक्षीही पिल्लांना किडेच भरवतो. किडे गेले की पिल्लंही जगत नाहीत.

ग्रुपबरोबर गेल्यावर वेगळं काय होतं?

खिडकीत तुम्ही एकटे असता आणि पक्षी तुमच्याकडे येतो. ग्रुपमध्ये तुम्हाला शेजारच्याचे डोळे आणि कान मिळतात. नवख्याला सहा महिने लागतील ते एका सकाळीत कळतं, कारण बाजूला उभा असलेला माणूस नुसत्या आवाजावरून 'वटवट्या' म्हणतो आणि झुडपाकडे बोट दाखवतो.

महाराष्ट्रात जवळपास प्रत्येक मोठ्या शहरात असे ग्रुप आहेत. बीएनएचएस तर १८८३ पासूनची संस्था. तिच्या सहली असतातच, पण स्थानिक निसर्गमंडळं, कॉलेजांचे नेचर क्लब, काही ठिकाणी वनविभाग यांच्याही फेऱ्या निघतात. बऱ्याच फेऱ्या फुकट किंवा अगदी कमी फीमध्ये असतात. मुलींना पहाटे एकटीने टेकडीवर जायची धास्ती वाटते, त्यांना तर ग्रुपचा मोठाच आधार.

जमतात सूर्योदयाच्या आसपास. उशीर केला तर अर्धा शो संपलेला असतो, कारण पक्षी सकाळी पहिले दोन-तीन तास सगळ्यात जास्त हालचाल करतात. मळकट रंगाचे कपडे घाला. पांढरा आणि भडक लाल नको. परफ्यूमची गरज नाही. चालायचं हळू, म्हणजे खरंच हळू. तीन तासांत दोन किलोमीटर झालं तरी खूप झालं. ट्रेकची सवय असलेल्यांना पहिल्या दिवशी हेच झेपत नाही.

पक्षी दाखवायची एक युक्ती सगळीकडे वापरतात. झाडाला घड्याळ समजायचं. "समोरचा वड, दहा वाजता, जाड फांदीच्या वर" असं कुणी म्हटलं की वडाच्या डाव्या वरच्या बाजूला बघायचं. 'तो बघ, तिकडे, त्या पानाच्या मागे' यापेक्षा हे बरं. झाडाला पानं हजारो असतात.

दुर्बीण लगेच विकत घेऊ नका. दोन-तीन फेऱ्यांत इतरांच्या दुर्बिणीतून बघा आणि मग ठरवा. दुकानात ८ गुणिले ४२ असे आकडे दिसतील. पहिला आकडा वस्तू किती पट मोठी दिसते तो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. पक्ष्यांसाठी ८ पट पुरते. जास्त पटीच्या दुर्बिणीत हात थोडा हलला तरी चित्र थरथरतं. आणि पक्षी शोधताना आधी नुसत्या डोळ्यांनी शोधा. नजर तिथेच रोखून दुर्बीण डोळ्यांपुढे आणा. दुर्बीण लावून झाडभर फिरवत बसलात तर फक्त पानंच दिसतील.

पक्षी ओळखायला 'मर्लिन' हे अमेरिकेतल्या कॉर्नेल लॅबचं मोफत ॲप आहे. फोटोवरून आणि आवाजावरून नाव सुचवतं. उपयोगी आहे, पण सुचवतं म्हणजे सुचवतंच. आजूबाजूला गोंगाट असेल तर काहीही नाव दाखवू शकतं. पक्षी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय किंवा आवाजाची खात्री झाल्याशिवाय यादीत लिहायचं नाही, हा साधा नियम.

मराठी नावांसाठी मारुती चितमपल्ली यांचा 'पक्षीकोश' आहे. वनखात्यात आयुष्य घालवलेल्या चितमपल्लींनी आदिवासींकडून, पारध्यांकडून, जुन्या ग्रंथांतून शब्द गोळा केले आणि लागतील तिथे नवे घडवले. बगळ्यांच्या वसाहतीला 'सारंगागार', कावळ्यांच्या वसाहतीला 'काकागार', पक्ष्यांच्या रात्रीच्या मुक्कामाच्या जागेला 'रातनिवारा'. जून २०२५ मध्ये ते गेले. फेरीत कुणी 'रूस्ट' म्हणालं की तुम्ही 'रातनिवारा' म्हणून बघा, शब्द लगेच उचलला जातो.

कावळे कशाला मोजायचे?

फेरीच्या शेवटी सगळे एका जागी बसतात, पोह्यांच्या प्लेट येतात आणि यादी वाचली जाते. कावळे किती? कबुतरं किती? नवखा माणूस इथे वैतागतो. दुर्मिळ पक्षी लिहिले तर समजू शकतो, पण कावळे?

यासाठी गिधाडांची गोष्ट माहीत हवी. १९८० च्या दशकापर्यंत भारतात गिधाडं इतकी होती की त्यांच्याकडे कुणी लक्षही देत नव्हतं. गावाबाहेर मेलेलं जनावर टाकलं की थवे उतरायचे. बीएनएचएसचे डॉ. विभू प्रकाश यांनी मात्र राजस्थानात भरतपूरला त्यांच्या नोंदी ठेवल्या होत्या. ९० च्या दशकात त्यांनी पुन्हा मोजलं तेव्हा आकडे कोसळलेले दिसले. पुढे २००४ मध्ये कारण पुढे आलं. जनावरांना दिलं जाणारं डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक. ते दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की त्यांचं मूत्रपिंड निकामी व्हायचं. २००६ मध्ये भारतात जनावरांसाठी या औषधावर बंदी आली. तोवर पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९ टक्क्यांहून जास्त संपली होती. जुन्या नोंदी नसत्या तर 'हल्ली गिधाडं दिसत नाहीत बुवा' एवढ्यावरच सगळं राहिलं असतं.

म्हणून कावळे मोजायचे. आज भरपूर आहे त्याचाच आकडा लिहून ठेवावा लागतो. कमी झाल्यावर मोजायला घेतलं तर तुलना कशाशी करणार?

ही यादी 'ई-बर्ड' या मोफत ॲपवर टाकतात. तिथे एक प्रश्न विचारला जातो. तुम्हाला ओळखता आलेले सगळे पक्षी यात आहेत का? याचं उत्तर 'हो' असलेली यादी सर्वांत मोलाची. कारण मग तुमच्या यादीत चिमणी नाही, याचाही अर्थ काढता येतो. फक्त भारी पक्षी लिहिले तर तसा अर्थ काढता येत नाही.

अशा याद्यांचं होतं काय? ऑगस्ट २०२३ मध्ये 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' हा अहवाल आला. त्यासाठी ३० हजारांहून अधिक पक्षीनिरीक्षकांच्या सुमारे ३ कोटी नोंदी वापरल्या. त्यातले बहुतेक हौशी होते. शिक्षक, बँकेतले कर्मचारी, विद्यार्थी, निवृत्त लोक. अहवालात ९४२ जातींचा आढावा आहे. ज्या ३३८ जातींचा दीर्घ काळातला कल काढता आला, त्यांतल्या २०४ घटल्या आहेत. १७८ जातींकडे तातडीने लक्ष द्यायला हवं असं म्हटलंय. घटलेल्यांत नीळकंठ आहे, ज्याचं दसऱ्याला दर्शन शुभ मानतात. वाढलेल्यांत कबुतर, मोर आणि कोकीळ आहेत.

आणि चिमणी? 'चिमण्या संपल्या, मोबाईल टॉवरने मारल्या' हा फॉरवर्ड तुम्हाला दर मार्चला येत असेल. नोंदी सांगतात की देशभरात चिमणी एकंदर टिकून आहे, मोठ्या शहरांत मात्र कमी होतेय. टॉवरमुळे असं झालं याला ठोस पुरावा मिळालेला नाही. पिल्लांसाठी किडे नाहीत आणि काचेच्या इमारतींत घरट्याला भोक नाही, ही कारणं जास्त पटणारी आहेत. पुढच्या वेळी फॉरवर्ड आला की हे सांगा. काका ऐकतील याची खात्री देत नाही.

फोटोची किंमत कोण मोजतं?

सोशल मीडियामुळे या छंदाकडे बरीच तरुण मंडळी वळली हे खरं. तोट्याची बाजूही आहे.

पहिला प्रकार आवाज वाजवण्याचा. मोबाईलवर पक्ष्याची हाक लावली की नर तावातावाने समोर येतो, कारण त्याला वाटतं, हद्दीत परका आलाय. फोटो छान येतो. पण त्या वेळात तो खात नसतो, पिल्लांना भरवत नसतो. आणि मागच्या गाडीतून येणारा दुसरा ग्रुप तेच वाजवणार असतो. विणीच्या हंगामात तर हे अजिबात नको. एका फेरीत एका फोटोग्राफरने स्वर्गीय नर्तकासाठी ब्लूटूथ स्पीकर काढला होता. आमच्या लीडर ताईंनी काही न बोलता सगळ्या ग्रुपला मागे वळायला सांगितलं. त्याला बोलण्यापेक्षा ते जास्त लागलं असावं.

दुसरा प्रकार घरट्यांचे फोटो. आडवी येणारी डहाळी बाजूला केली, फोटो काढला, निघालो. ती डहाळी पिल्लांची सावली होती आणि लपायचा पडदाही. घरट्याचा फोटो टाकायचाच नाही, असं चांगल्या ग्रुप्सनी ठरवून टाकलंय.

तिसरा प्रकार पत्ता जाहीर करण्याचा. घुबडाचा फोटो टाकताना लोकेशन टाकू नका. घुबडांना अंधश्रद्धेपायी मारतात, त्यांची तस्करी होते. ई-बर्डही काही संवेदनशील पक्ष्यांच्या नेमक्या जागा सगळ्यांना दाखवत नाही.

भिगवणला किंवा खाडीत होडीने जात असाल तर नावाडीदादांना आधीच सांगा, "थवा उडवायचा नाही, लांबूनच बघू." अनेक जण जास्त टिपच्या आशेने होडी जवळ नेतात, कारण मागणी आपल्याकडूनच येते. रोहित चिखलात मान खाली घालून तासन् तास खात असतात. उडवलेल्या प्रत्येक थव्याची तेवढी खाण्याची वेळ आणि ताकद जाते. गुलाबी पंखांचा व्हिडिओ त्यातूनच मिळतो, हे मान्य. थोडं थांबलात तर ते आपणहूनही उडतात.

कधी, कुठे जायचं?

ऑक्टोबर ते मार्च हा पाहुण्यांचा काळ. धोबी पक्षी सोसायटीच्या मैदानात शेपूट हलवत फिरायला लागला की समजायचं, हिवाळा आला. भिगवण पुण्यापासून साधारण १०० किलोमीटरवर, उजनीच्या पाण्यावर आहे. रोहितशिवाय पट्टकादंबही तिथे दिसतात, हिमालय ओलांडून येणारे. नाशिककरांना निफाड तालुक्यात नांदूर मधमेश्वर आहे, महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ. मुंबईकरांना शिवडी आणि ठाणे खाडी. ठाणे खाडीला २०२२ मध्ये रामसर दर्जा मिळाला. सोलापूर-मराठवाड्याकडे संध्याकाळी भोरड्यांचे, म्हणजे गुलाबी मैनांचे थवे आकाशात धुरासारखे वळताना दिसतात. त्याला तिकीटही नाही.

फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस, पांगारा, सावर फुलतात. फुललेल्या एका झाडाखाली तासभर थांबलात तर वीसेक जाती सहज होतील. एप्रिलपासून पावशा 'पेरते व्हा' ओरडायला लागतो. पावसाच्या तोंडावर कोकणात आणि घाटात नवरंग येतो, आणि पनवेलजवळचं कर्नाळा तेव्हा हिरवंगार होऊ लागलेलं असतं. पावसाळ्यात शेताच्या कडेला सुगरणी विणकाम काढतात. गावाकडे गेलात तर विहिरीवरची बाभूळ बघा. किती घरटी अर्धवट आहेत आणि किती पूर्ण, ते मोजा.

दोन तारखा कॅलेंडरमध्ये टाकून ठेवा. ५ ते १२ नोव्हेंबर हा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह असतो. ५ नोव्हेंबर चितमपल्लींचा जन्मदिवस, १२ नोव्हेंबर सलीम अलींचा. या आठवड्यात गावोगावी फुकट फेऱ्या असतात. आणि फेब्रुवारीत चार दिवस 'ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट' असतो. जगभरातले लोक त्यात भाग घेतात, भारत २०१३ पासून आहे. त्यासाठी कुठेही जावं लागत नाही. घराच्या गच्चीत किंवा बाल्कनीत किमान १५ मिनिटं उभं राहायचं, दिसेल तो प्रत्येक पक्षी मोजायचा आणि यादी ई-बर्डवर टाकायची. काकूंनाही सांगा. जाळीआडून मोजलेले बुलबुलही त्यात चालतात.